लिहिणारा माणूस त्याला दिसतच नाही

नागपुरात आठ रस्ता चौकाजवळच्या आमच्या चहाठेल्यावर परवा जो वाद झाला, तो माझ्यामुळे. म्हणून तो मीच लिहून ठेवतो आहे.

अधिवेशनाचे दिवस. बर्डीकडे मोर्चे, रस्ते अडवलेले, त्यामुळे सगळे उशिरा पोचले. मी मात्र लवकरच येऊन बसलो होतो, घरी बसवत नव्हतं. आदल्या रात्री भाचीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता. भरला होता म्हणजे जवळजवळ पूर्ण भरला होता.

भाची काटोलकडची. तिच्या गावात नेट धड चालत नाही, म्हणून ती फोनवर सांगत होती आणि मी इकडे टाइप करत होतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर, बँकेचा कोड, दहावीचे मार्क, इथवर काही अडलं नाही. शेवटच्या पानावर एक मोठा चौकोन होता: कुटुंबाची परिस्थिती लिहा. तिथं ती घुटमळली. मग हळूहळू बोलायला लागली. आंबिया बहारात फळगळ झाली, बाबांनी बैलजोडी विकली, मोठ्या बहिणीचं कॉलेज सुटलं. मधे दोनदा गप्प झाली, मी थांबलो. तिचेच शब्द तसेच्या तसे लिहीत गेलो. पस्तीसेक मिनिटं गेली असतील. शेवटी 'जतन करा' दाबलं, तर समोर लॉगिनचं पान आणि वर लाल अक्षरांत एक ओळ: आपले सत्र संपले आहे. मागं जाऊन पाहिलं. चौकोन रिकामा होता.

तिला म्हटलं, "झालं गं, उद्या बोलू." पुन्हा सगळं सांग म्हणायला जीभ रेटेना.

ठेल्यावर हे सांगितलं. काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चूक तुही आहे. कोणताही कागद भरायचा म्हणजे आधी कच्चा, मंग पक्का. आम्ही जिंदगीभर तेच केलं. तू डायरेक्ट पक्क्यावर बसला."

"काका, कागदावर लिहिलेलं कोणी हातातून ओढून नेत नाही ना."

"म्हणूनच त सांगून राहिलो, कच्चं लिहायचं."

ताई शाळेत मराठी शिकवतात. त्यांना हे पटलं नाही. "साठ पोरांची माहिती भरते मी. रात्री अकरानंतर, कारण दिवसा ते पान उघडतच नाही. साठांचं आधी वहीत लिहू आणि मग परत टाइप करू? मग वहीच पाठवून देते ना मी."

आमच्यातला एक जण मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, त्याला सगळे मिहानवालाच म्हणतात. तो म्हणाला, "टाइम संपणं ही बिघाडी नाही, भाऊ. ते मुद्दाम ठेवलेलं असते. माणूस लॉगिन करून उठून गेला, त मागून येणाऱ्याच्या हाती त्याचं सगळं खातं लागंन."

झेरॉक्सवाला लगेच त्याच्या बाजूनं झाला. त्याच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत, दिवसभर पोरं फॉर्म भरायला येतात. "हाव, हे खरं आहे. रोज दोन-तीन पोट्टे लॉगिन तसंच ठेवून जातात. एकाचं बँकेचं खातं उघडं होतं परवा. मी पाहिलं म्हणून बंद केलं."

मला ते मान्य होतं. पण माझं दुखणं वेगळं होतं. "अबे, पण मी उठून गेलो कुठं? मी तिथंच होतो. पस्तीस मिनिटं बोटं चालूच होती."

मिहानवाला थोडा थांबला. मग म्हणाला, "तेच त त्याले दिसत नाही."

यानंतर त्यानं जे समजावून सांगितलं, ते इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरूनही मला माहीत नव्हतं. आपण चौकोनात लिहितो ते फक्त आपल्या ब्राउझरात असतं. पलीकडच्या सर्व्हरपर्यंत ते आपण बटण दाबल्यावरच जातं. तोवर तिकडं काहीच पोचत नाही. सर्व्हरकडं एक घड्याळ चालू असतं आणि आपण काही दाबलं, दुसरं पान मागितलं, की ते पुन्हा शून्यावर येतं. नुसतं टाइप करत बसलं तर ते चालतच राहतं. म्हणजे जो माणूस खुर्ची सोडून गेला तो, आणि जो मान वर न करता पस्तीस मिनिटं लिहितो आहे तो, हे दोघं सर्व्हरच्या लेखी एकच. उलट, जो काही न लिहिता उगाच इकडंतिकडं क्लिक करत बसला आहे, तो त्याला हजर वाटतो.

ताई म्हणाल्या, "म्हणजे जेवढं मन लावून लिहाल, तेवढे तुम्ही गैरहजर."

"हो. काही जण लिहितालिहिता आपोआप सेव्ह करायची सोय ठेवतात, तिथं असं होत नाही. पण ती सोय कोणी तरी बनवावी लागते."

इथं झेरॉक्सवाल्यानं हात वर केला. तो असा हात वर करतो तेव्हा त्याच्याकडं काही तरी कामाचं असतं. "मी काय करतो सांगू? मोठा फॉर्म असला की त्याच साइटचं दुसरं एखादं पान शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवतो. नियमांचं पान, मदतीचं पान, कोणतंही. दर पाच मिनिटानं तिथं जाऊन रिफ्रेश मारतो अन् परत येतो. माह्या दुकानातून सहसा कोणी बाहेर फेकला जात नाही. काहून होते ते मले नाही माहीत."

मिहानवाला हसला नाही, उलट त्याच्याकडं वळून बसला. म्हणाला, कारण सोपं आहे. वेबच्या मूळ व्यवहाराला आठवण नाही, प्रत्येक वेळी तुम्ही नवीनच माणूस. म्हणून 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी काढली, म्हणजे साइटनं आपल्या ब्राउझरात ठेवायची एक छोटी खूण. सायकल स्टँडवर बिल्ला देतात तसा. तुम्ही दर वेळी तो बिल्ला दाखवता, म्हणून तुम्ही तेच हे कळतं. आणि हा बिल्ला टॅबागणिक वेगळा नसतो, अख्ख्या ब्राउझरचा एकच. शेजारच्या टॅबमधून दाखवला तरी घड्याळ मागं जातं. "फक्त काही साइटी दोन टॅब उघडले की दोन्हीकडून बाहेर काढतात. आधी रिकाम्या फॉर्मवर करून पाहायचं."

मला यात मोठी गोष्ट दिसते. कुणी न शिकवता, गिऱ्हाइकांचे हाल पाहून त्यानं स्वतः हे शोधलं आणि कितीतरी पोरांचे फॉर्म वाचवले.

ताईंचा प्रश्न मात्र तसाच उभा होता. "बाहेर काढा, हरकत नाही. पण लिहिलेलं का फेकता? ब्राउझरातच ठेवा ना जपून. परत लॉगिन केलं की चौकोन भरलेला दिसला पाहिजे."

"ठेवता येते," मिहानवाला म्हणाला. "ब्राउझरात तेवढी जागा असते, बंद करून उघडलं तरी राहते. पण ताई, हा फॉर्म झेरॉक्सवाल्याच्या दुकानात भरला असता तर? माणूस बाहेर निघाला, अन् लिहिलेलं तिथंच राहिलं. पुढचा पोट्टा येऊन बसला, त्यानं तेच पान उघडलं."

बैलजोडी, बहिणीचं सुटलेलं कॉलेज, सगळं कुणा अनोळखी माणसासमोर. मी काही बोललो नाही. तोवर मला वाटत होतं की माझ्याकडं सगळी बाजू आहे.

झेरॉक्सवाला म्हणाला की म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला इन्कॉग्निटो खिडकी उघडून देतो. काम झालं की तशा सगळ्या खिडक्या बंद करायच्या, मग बिल्लाही गेला आणि भरलेलंही गेलं. काकांना वाटत होतं की त्या काळ्या खिडकीत आपण कोणालाच दिसत नाही. तसं नाही. आपल्याच कॉम्प्युटरवर मागं खूण राहत नाही, एवढंच. नेट पुरवणाऱ्याला आणि त्या साइटला आपण दिसतोच. आणि डाउनलोड केलेली फाइल तर तिथंच राहते. हे ऐकून झेरॉक्सवाल्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याच्या डाउनलोडच्या फोल्डरात किती लोकांची आधार कार्डं पडून असतील, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रात्री दुकान बंद करायच्या आधी सगळी पुसली, असं त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"मंग उपाय काय?" काका. आवाज आता मघापेक्षा खाली आला होता.

मिहानवाल्यानं सांगितलं की उपाय जुना आहे आणि लिहून ठेवलेला आहे. अर्धवट लिहिलेलं ब्राउझरात न ठेवता सर्व्हरवर, त्या माणसाच्या खात्यात, कच्चा मसुदा म्हणून ठेवायचं. लॉगिन केल्याशिवाय ते कोणालाच दिसणार नाही. आणि वेळ संपायच्या आधी सांगायचं. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे जागतिक नियम आहेत, त्यांच्या 2008 सालच्या आवृत्तीत हे आहे. वेळ संपण्याआधी माणसाला इशारा द्या, एखादी कळ दाबून वेळ वाढवायला किमान 20 सेकंद द्या, आणि अशी वाढ किमान 10 वेळा घेऊ द्या. काही मोजके अपवाद आहेत, पण हा नियम सगळ्यात खालच्या पायरीचा, म्हणजे एवढं तर हवंच असा. ज्यांची बोटं हळू चालतात, ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी तो केला. भारत सरकारचीही वेबसाइटींसाठी मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, आणि ती या नियमांना धरून आहेत.

"नियम आहे त पाळत काहून नाही?"

मिहानवाला कपाकडं बघत म्हणाला, "काका, मी स्वतः फॉर्म बनवले आहेत. तपासताना आम्ही काय करतो? नावात ए बी सी, पत्त्यात ए बी सी, मोठ्या चौकोनात एक टिंब. दीड मिनिटात फॉर्म पूर्ण. झाला पास. फोन कानाला लावून, समोरची पोरगी गप्प झाली म्हणून थांबून, असा फॉर्म भरणारा माणूस आमच्या डोक्यातच आला नाही. माह्याही नाही आला."

माझा सगळा राग याच गोष्टीवर होता, आणि ती त्याच्याच तोंडून आली. सुरक्षेसाठी वेळ लावा, आमची ना नाही. पण तो लावताना समोर लिहिणारा माणूस आहे असं धरून चाला. वीस सेकंदांची एक खिडकी. तेवढी असती तर त्या रात्री मी ती दाबली असती.

रविवारी भाची एसटीनं स्वतः आली. आम्ही झेरॉक्सवाल्याच्या दुकानात बसलो. काकांचा सल्ला तिच्यापर्यंत पोचला होता, तिनं वहीच्या दोन पानांवर कच्चं लिहून आणलं होतं. तिनं वही पुढं ठेवली तेव्हा काकांनी ती उचलून पूर्ण वाचली आणि काही न बोलता परत दिली. दुसऱ्या टॅबचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, दर पाच मिनिटांनी तिला म्हणायचे, "सरक बेटा," आणि रिफ्रेश मारायचे.

टाइप मात्र तिनंच केलं. आणि वहीच्या दुसऱ्या पानाच्या मध्यावर आल्यावर चौकोनानं अक्षर घ्यायचं बंद केलं. खाली लिहिलं होतं, कमाल 1000 अक्षरे. ताईंनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. "हजार कुठं आहेत? पाचशे-सहाशेसुद्धा नसतील."

याचं उत्तर मला ठाऊक होतं, छापखान्यात रोज मराठीच जुळवतो मी. शिष्यवृत्ती हा शब्द अभंगासारखा मोजला तर चार अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, मात्र अकरा, कारण प्रत्येक काना, वेलांटी, पाय मोडायची खूण वेगळी मोजली जाते. एकटं 'श्री' तिथं चार भरतं. आमच्या छापखान्यातल्या कृतिदेव फॉन्टमध्ये 'श्री' दोन कळांत होतो, मोठा जे आणि छोटा एच. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हजार म्हणजे हजार मिळतात, मराठीत लिहिणाऱ्या पोरीला त्याच चौकोनात जवळपास निम्मी जागा. ताई शिक्षिका, त्यांना हे वेळ संपण्यापेक्षाही जास्त लागलं. "आमच्या वेलांटीचे पैसे कापतात," असं त्या दोनदा म्हणाल्या.

मग कापाकापी. मी म्हटलं बैलांचं वाक्य लांब आहे, ते छोटं करू. भाची म्हणाली, "नाही मामा, ते राहू दे." तिनं वर जाऊन 'मी अत्यंत कष्टाळू व अभ्यासू विद्यार्थिनी आहे' ही ओळ काढली. आकडा खाली आला. बहिणीचं वाक्य बसलं, शेवटचं मात्र अर्ध्यावर अडलं. ती एकेक शब्द तपासायला लागली, कुठं जोडाक्षर टाळता येतं ते पाहू लागली.

"सरक बेटा," काका म्हणाले. "पाच झाले."