केस गळत नाहीत म्हणे!

आत्ताच मनीषनगरहून एका वाढदिवसाचं जेवून आले. साडीही बदललेली नाही. आधी हे लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

पुतण्याच्या मुलीचा वाढदिवस. केक कापून झाला, लाइट बंद केले आणि खोक्यातून काय निघालं, तर पूडल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू. गळ्यात सॅटिनची रिबन. खोक्याला भोकं पाडली होती, तेवढी अक्कल होती. मग अर्धा तास ते पिल्लू या हातातून त्या हातात, डीजे चालू, प्रत्येकाला सेल्फी पाहिजे. ते थरथरत होतं आणि एक बाई म्हणतात, "अगं बाई, थंडी वाजून राहिली त्याला." मे महिन्यात. नागपुरात. थंडी!

विचारलं, किती दिवसांचं आहे? "चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं असेल, काकू." आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही, असा 2017 चा केंद्राचा नियम आहे. पिल्लं काढून विकणाऱ्याची नोंदणी लागते तीही त्याच नियमात. नोंदणीचं विचारलं तर पुतण्या हसला. वर म्हणतो, "टेन्शन कायले घेता काकू? टीकप पूडल आहे, एवढंच राहते. अन् याचे केसच गळत नाहीत. काहीच करावं लागत नाही."

काहीच करावं लागत नाही! अरे बाप्पा, सोफ्यावर जे केस पडत नाहीत ते कुत्र्याच्याच अंगावर राहतात ना! सुटलेला केस बाजूच्या कुरळ्या केसांत अडकतो, त्यात आणखी अडकतात, आणि रोज मुळापर्यंत कंगवा फिरवला नाही तर कातडीला घट्ट बसलेला गुंता तयार होतो. वरून कुत्रं गुबगुबीत दिसतं, आत कातडी ओढली जात असते. शिवाय हे केस वाढायचे थांबत नाहीत. महिना-दीड महिन्याने कापावेच लागतात, आयुष्यभर. आणि पूडल बारा-पंधरा वर्षं जगतो, बरं.

आमच्या ओंकारची, म्हणजे आमच्या पूडलची, गोष्ट जुन्या मंडळींना पाठ आहे, तरी परत सांगणार. तो आला तेव्हा ऑस्कर होता, ओंकार सासूबाईंनी केलं. ओळखीतल्या एका घराची बदली झाली, "घेता का, फार शहाणा आहे" म्हणून फोन आला. जर्दाळू रंगाचा, गोल गरगरीत. कानामागे हात लावला की किंचाळायचा. कंगवा आत जाईचना, म्हणून कटिंगवाल्या पोराकडे नेलं. मशीन मानेपासून फिरली आणि सतरंजी उचलावी तसे सगळे केस एकसंध निघून आले. खाली इतकंसं कुत्रं! आणि डाव्या कानामागे, कातडीत रुतून बसलेलं, गुलाबी रबरबँड. कधीतरी बो बांधायला लावलेलं. भोवती केस वाढले, दिसेनासं झालं, विसरून गेले. त्या वासाने पोराने मशीन बंद केली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्या घरी फोन केला तर उत्तर काय, "अय्या हो का, मुलीची हौस हो."

आणि आज? आज एका मावशीबाईंनी स्वतःच्या नातीच्या वेणीतलं रबरबँड काढून त्या पिल्लाच्या डोक्यावरच्या झिपऱ्या बांधल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि सगळ्यांसमोर ते सोडवलं. "काकू न, प्रत्येक गोष्टीत!" असं मागून ऐकू आलं. म्हणा.

मला राग कुत्र्याला बाहुली समजण्याचा आहे. पूडल हा मुळात पाण्यातला शिकारी कुत्रा. तळ्यात पडलेलं बदक पोहत जाऊन तोंडात धरून आणायचं, हे त्याचं काम. ती सिंहासारखी चमत्कारिक कटिंग दिसते ना फोटोत, तीही कामातूनच आली. पोहायला सोपं जावं म्हणून मागचं अंग भादरायचं, आणि गार पाण्यात छाती नि सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले केस ठेवायचे. नखरे माणसांनी नंतर चढवले. थोरला पूडल खांद्यापाशी 45 ते 60 सेंटीमीटर उंच असतो. टॉय म्हणतात तो 28 च्या आत. टीकप नावाचा आकार कुत्र्यांच्या जाती ठरवणाऱ्या एकाही मोठ्या केनेल क्लबच्या कागदावर नाही, तो विकणाऱ्याच्या तोंडात आहे. 1988 मध्ये अलास्कात एका माणसाने कुत्र्यांनी ओढायच्या गाड्यांच्या, बर्फातल्या त्या हजार-बाराशे मैलांच्या इडिटारॉड शर्यतीत पूडलची गाडी पळवली होती. पंजे गारठले, केसांना बर्फ चिकटला, पुढे आयोजकांनी उत्तरेकडच्या जातींपुरतीच शर्यत ठेवली. पण पळाले! आणि आमच्याकडे याला पर्समध्ये ठेवतात.

आमचा ओंकार कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या की थेट टाकीत. पंपाचा आवाज बंद झाला की झोपेतून उठून येतो, कारण पंप बंद म्हणजे ताट्या निघणार. कान पुरता बरा व्हायच्या आत याने सासूबाईंच्या चपला ओळखून एकेक आणून द्यायला सुरुवात केली होती. उजवी आधी. कोणी शिकवलं नाही. असलं डोकं दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं ठेवा, ते सोफाच फाडणार. मग म्हणायचं, जात चांगली नाही.

टाकीतून निघाला की मात्र माझी ड्युटी. ओले केस न विंचरता तसेच वाळू दिले की गुंता आणखी आवळतो. कानाच्या आतही केस, तिथे ओल राहिली की कान पिकलाच.

"पण आमच्या पोरीला अ‍ॅलर्जी आहे, म्हणून पूडल," हेही आज ऐकलं. केस कमी उडतात, काहींना बरं पडतं, ठीक आहे. पण अ‍ॅलर्जी लाळेतून आणि कातडीच्या कोंड्यातून येते, ती पूडललाही आहेच. 1980 च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात एका अंध बाईंसाठी लॅब्रॅडॉर आणि पूडलची मिश्र पिल्लं काढली, कारण नवऱ्याला अ‍ॅलर्जी. एका वेताची तीन पिल्लं, त्यातलं एकच नवऱ्याला चाललं. घ्यायच्या आधी पोरीला चार दिवस कुत्र्याजवळ बसवून तर बघा.

आणि हो, "गावठी पिल्लू का नाही आणलं" म्हणणारे बरोबर आहेत. पुढे.

पुतण्या वाईट नाही. लहानपणी आमच्या धरमपेठच्या वाड्यात गाडीखाली सापडलेल्या कुत्रीला शर्टात गुंडाळून सेमिनरी हिल्सला जनावरांच्या दवाखान्यात पळत नेणारा हाच. निघताना पाहिलं तर पोरगी डीजेपासून लांब, जिन्यात, पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला "हात नका लावू, झोपलंय" म्हणून दटावत होती. त्या घरात अक्कल आहे, वय फक्त कमी आहे.

तर राजा, तू हे वाचशीलच. ते पिल्लू निदान पंधरा दिवस आईजवळ परत ठेवता येतं का बघ. नाहीच जमलं तर आधी डॉक्टरकडे ने, लसींचं विचार. दुपारी गॅलरीत सोडू नको, डांबरावर तर नकोच. फिरवणं सकाळी सहाच्या आत. वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन दाट कुरळे येतात, तेव्हा गुंता सर्वात वाईट, म्हणजे नेमका पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा वैतागून कातडी दिसेपर्यंत भादरू नको, आपल्या उन्हात भाजेल. बारीक ठेव.

रविवारी सकाळी सातला पोरीला आणि पिल्लाला घेऊन ये. लोखंडी कंगवा माझ्याकडे दोन आहेत, एक तिचा. कसा फिरवायचा ते ओंकारवर दाखवते, तर्री-पोहे करते. रबरबँड घरी ठेवून ये.