जावई, अंतराळ आणि ऑडिट पॅरा

मुलीच्या बाळंतपणासाठी बायको न्यू जर्सीला निघाली, तेव्हा तिच्या सामानात अळीव, डिंक, बाळंतशोपा आणि मी असे सगळे होतो. तिथे गेल्यावर अळीव-डिंक कामाला लागले. मी जावयाच्या वाट्याला आलो.

आमचे अनिकेतराव तसे गुणी. व्यसन म्हणाल तर एकच, 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची अमेरिकी मालिका. नुसतं बघण्याचं असतं तर हरकत नव्हती, माणूस बघता बघता झोपतो तरी. पण यांना त्या मालिकेबद्दलची माहिती इतरांना द्यायची असते, आणि तीही प्रश्न विचारून.

"बाबा, सांगा बरं, मूळ मालिकेत कॅप्टन कर्क 'बीम मी अप, स्कॉटी' किती वेळा म्हणतो?"

माझ्या तोंडात पोह्यांचा घास. कर्क कोण, स्कॉटी कोण, आणि तो वर कुठे चाललाय, यातलं मला काहीही ठाऊक नाही.

"एकदाही नाही!" अनिकेतराव टेबलावर थाप मारतात. "नेमकं हे वाक्य कधीच नाही. सगळ्या जगाला वाटतं, आहे!"

मला काहीच वाटत नव्हतं. पण भाच्याला, पुतण्याला 'गप रे' म्हणता येतं, तसं जावयाला म्हणता येत नाही. त्यातून बाहेर गुडघाभर बर्फ, घर त्याचं, हीटर त्याचा आणि पोहेही त्यानेच केलेले. मी "अरे वा" म्हणालो. 'अरे वा' म्हणणारा सासरा मिळाल्यावर जावई थांबतो कशाला?

मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झालेला माणूस. समोर काहीही आलं तरी माझी नजर आधी 'खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला' इकडे जाते. हळूहळू लक्षात आलं, की जावई ज्याला भविष्याची भव्य कल्पना म्हणतो, ती बहुतेक वेळा तरतूद संपल्यावर काढलेली वाट असते. कथा तेविसाव्या शतकातली खरी, पण रोकडवही १९६६ सालची.

आता ते माणसं विरघळवून खाली ग्रहावर पाठवण्याचं यंत्रच घ्या. अनिकेतराव त्यावर पुंजभौतिकीच्या गोष्टी करतात. खरी गोष्ट अशी, की एवढं मोठं यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरवून दाखवायचं, तर निर्मात्याचं दिवाळं निघालं असतं. मग माणसंच चमचम करत गायब करायची. ती चमचम म्हणजे काळ्या पडद्यासमोर, प्रकाशझोतातून सोडलेली अॅल्युमिनियमची भुकटी. यानातले आपोआप सरकणारे दरवाजे मागे लपलेले कामगार दोरीने ओढायचे. मला तर फार बरं वाटलं. आमच्या कचेरीतही आपोआप होणाऱ्या सगळ्या कामांमागे एक शिपाईच असायचा.

मिठाच्या भांड्यांचा किस्साही असाच. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर जो पहिला भाग दाखवला, त्यात माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा प्राणी आहे. त्यासाठी भविष्यातली वाटतील अशी वेगवेगळ्या आकारांची मीठदाणी विकत आणली. ती इतकी भविष्यातली निघाली, की हे मीठदाणं आहे हे प्रेक्षकाला कळणारच नाही अशी भीती पडली. मग त्या दृश्यात साधी मीठदाणी ठेवली आणि आणलेली यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या हातात शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणून दिली. खरेदी वाया नाही, डेड स्टॉक नाही. असा भांडारपाल मला उभ्या नोकरीत भेटला नाही.

त्याहून मोठी करामत म्हणजे एनबीसीने नाकारलेला पहिला नमुना-भाग. तसा भाग म्हणजे सरळ निर्लेखनाचा, म्हणजे हिशेबातून काढून टाकण्याचा, प्रस्ताव. या मंडळींनी त्याच्याभोवती नवी गोष्ट रचली, जुनं चित्रण तिच्यात बसवलं, एकाचे दोन भाग केले आणि वर विज्ञानकथांसाठीचा १९६७ चा ह्यूगो पुरस्कार घेतला. आम्ही पुनर्विनियोजन केलं की आम्हाला कारणे दाखवा नोटीस यायची.

पण माझा खरा जीव जडला तो क्लिंगॉन लोकांच्या कपाळावर. साठच्या दशकात या लढवय्या जमातीची कपाळं तुमच्या-माझ्यासारखी गुळगुळीत, कारण रंगभूषेला पैसे नव्हते. १९७९ साली चित्रपट आला. सुरुवातीला दीड कोटी डॉलरचा अंदाज होता, खर्च झाला सुमारे ४.४ कोटी. (यावर मी उभा राहिलो होतो. बायकोने खाली बसवलं.) इतका पैसा आल्यावर क्लिंगॉन लोकांच्या कपाळावर रातोरात हाडांचे उंचवटे आले. आता हा सरळ ऑडिट पॅरा झाला: आधीच्या आणि नंतरच्या कपाळांत तफावत का? नंतरच्या एका मालिकेच्या १९९६ सालच्या भागात पुढच्या काळातली मंडळी जुन्या काळात जातात आणि तिथले गुळगुळीत क्लिंगॉन पाहून सोबतच्या वॉर्फ या उंचवटेवाल्या क्लिंगॉनला कारण विचारतात. तो एवढंच सांगतो, की आम्ही याची चर्चा बाहेरच्यांशी करत नाही. काय उत्तर आहे! असं उत्तर देण्याची हिंमत आमच्या एकाही मुख्य लेखा अधिकाऱ्यात नव्हती. शेवटी २००५ साली दोन भाग खर्ची घालून एका विषाणूवर ठपका ठेवला आणि पॅरा निकाली काढला.

मालिकेतल्या खान नूनियन सिंग या खलनायकाचं प्रकरण मात्र मला पटलेलं नाही. हा उत्तर भारतातला शीख, असा मालिकेतला अंदाज. ना पगडी, ना दाढी, आणि भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बानने. बरं, तेही सोडा. मालिकेच्या हिशेबाने हा गृहस्थ १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या पाव भागाहून जास्त प्रदेशावर राज्य करत होता.

"अनिकेतराव, तेव्हा मी नोकरीत होतो," मी म्हणालो. "एवढा सत्तापालट झाला असता, तर महागाई भत्त्याचं एखादं परिपत्रक तरी निघालं असतं."

"बाबा, ही कथा १९६७ सालची आहे. तेव्हा ते भविष्य होतं."

"मग सुधारित अंदाजपत्रक सादर करायला हवं होतं."

स्वयंपाकघरातून अळीव भिजवता भिजवता बायको म्हणाली, "त्या चित्रपटात आपली पर्सिस खंबाटा होती ना? टक्कल केलेली?" अनिकेतराव ताडकन उठले. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, १९७९ च्या त्याच चित्रपटात आयलियाच्या भूमिकेसाठी तिने डोकं भादरलं होतं. "आई, तुम्हाला ठाऊक आहे?" आईंना पुढचा आठवडाभर आयता चहा मिळाला. मला कपाळांचा एवढा अभ्यास करून साधं बिस्किटही नाही.

थंडी ओसरल्यावर आणि बाळाला सव्वा महिना झाल्यावर आम्हा सगळ्यांना गाडीत घालून वॉशिंग्टनला नेण्यात आलं. ज्या संग्रहालयात राइट बंधूंचं १९०३ सालचं खरंखुरं विमान आहे, तिथे आम्ही ते ओलांडून थेट कधीही न उडालेल्या यानापाशी गेलो. मूळ मालिकेच्या चित्रीकरणात वापरलेली 'एंटरप्राइज'ची ती प्रतिकृती, सुमारे अकरा फूट लांब, बरीचशी लाकडी. अनिकेतरावांचे डोळे पाणावले. मी रीतसर दुसऱ्या बाजूला गेलो. मालाची पाहणी एकाच बाजूने करू नये, हा आमचा जुना नियम.

उजवी बाजू देखणी, खिडक्या, आकडे, सगळं जागच्या जागी. डावी बाजू जवळजवळ कोरी, आणि दिव्यांच्या वायरी तिकडूनच आत गेलेल्या. कॅमेऱ्यात उजवीच बाजू दिसायची, मग डावी रंगवायची कशाला? दुसरी बाजू दाखवायचीच झाली, तर आकडे उलटे चिकटवून चित्रण करायचं आणि फिल्म उलटी फिरवायची. मी हात जोडले.

"अनिकेतराव," मी हळूच विचारलं, "ही डावी बाजू पूर्ण करायला तेव्हा किती डॉलर लागले असते?"

ते तोंड उघडून तसेच राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. परतीच्या वाटेवर गाडी मुलीला चालवावी लागली. अनिकेतराव शेजारच्या सीटवर फोनमध्ये मान घालून १९६४ सालचे सुतारकामाचे दर शोधत होते.

"बाबा," आरशातून माझ्याकडे बघत मुलगी म्हणाली, "कशाला विचारलंत? आज रात्री बाळाला घेऊन फेऱ्या मारायची पाळी याची होती."