ट्रायल कॅन्सल करूनही पैसे कापले: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, कमेंट वाचली. आधी जरा डोकं तापलं, खोटं कशाला बोलू, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या लोकांना फुकटात बघायची सवय, अटी वाचायच्या नाहीत आणि मग पैसे कापले गेले की बोंबाबोंब, आणि फ्री ट्रायल कॅन्सल करूनही पैसे कापले जातात ही माझी पोस्ट याला खतपाणी घालते. वर, यूपीआय ॲपमधलं मँडेट (म्हणजे दर वेळी पैसे आपोआप कापायला आपण दिलेली परवानगी) उडवलं की विषय संपला, एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं लिहायचं काय.

आता, जो ट्रायल घेऊन विसरला त्याच्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. त्याचे गेले ते गेले, मागून बघावेत, कंपनीने दिले तर देव पावला. पोस्ट होती ज्यांनी वेळेत कॅन्सल केलं किंवा केलं असं ज्यांना वाटलं त्यांच्याबद्दल, आणि इथेच तर घोडं पेंड खातं.

माझ्या मावशीचंच घ्या. ट्रायल संपायच्या दोन दिवस आधी ती ॲपमध्ये गेली, कॅन्सल दाबलं. मग आलं "नक्की जाताय?", तिने हो म्हटलं. मग "का जाताय?" ची यादी, त्यातलं एक कारण निवडलं, पुढे गेली. तिसऱ्या स्क्रीनवर मोठं हिरवं बटण "फायदे चालू ठेवा" आणि त्याच्या खाली फिकट करड्या अक्षरात, चष्मा लावूनही धड दिसणार नाही असं, "कॅन्सल पूर्ण करा". बाईने दोनदा हो म्हटलंय, कारण पण दिलंय, तिला वाटलं झालं काम, फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसली. वर्षाचे पैसे कापले गेले, कस्टमर केअरचं एकच पालुपद, "मॅडम सिस्टिममध्ये प्लॅन ॲक्टिव्ह दिसतोय". यात तिने कुठली अट वाचायला हवी होती सांगा ना मला.

आणि हे माझ्या मनाचे खेळ नाहीत हो. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न्सची, म्हणजे गिऱ्हाईकाला गंडवणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीची, गाइडलाइन काढली, त्यात १३ प्रकार आहेत आणि "सबस्क्रिप्शन ट्रॅप" हा त्यातला एक, म्हणजे घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवायचं. तिकडे अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी संस्थेने ॲमेझॉनवर त्यांच्या प्राइम या पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपबद्दल केस केली, त्यात आरोप होता की कॅन्सल करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागायचे, आणि कंपनीत या वाटेला नाव काय, तर "इलियड"! ते ग्रीक लोकांचं न संपणारं युद्धाचं महाकाव्य. २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा सगळं गिऱ्हाईकाच्या आळसावर ढकलू नका.

आता तुमचं ते मँडेट. रिव्होक म्हणजे रद्द कराच, मी पण करतो, पण त्याने फक्त पैशाचा नळ बंद होतो, कंपनीच्या खात्यात तुमचा प्लॅन चालूच असतो. ट्रायल प्ले स्टोअरमधून घेतली असेल आणि तिथे बॅकअप म्हणून दुसरं कार्ड लावलेलं असेल तर यूपीआय फेल झाल्यावर तिकडून कापलं जाऊ शकतं. ॲप अनइन्स्टॉल केल्याने तर काहीच होत नाही, हे तर गूगल स्वतःच सांगतं, तरी लोक तेच करतात. म्हणून जिथून घेतलं तिथेच कॅन्सल करायचं, कन्फर्मेशनचा मेल येईपर्यंत झालं असं समजायचं नाही, आणि शेवटच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट, तारखेसकट. मँडेट त्यानंतर.

ओटीपी न येता पैसे कसे गेले असं खाली आणखी एकाने विचारलंय, त्यांनाही इथेच सांगतो. ओटीपी किंवा पिन मँडेट करताना एकदाच लागतो, त्यानंतर १५,००० पर्यंतचं रिकरिंग पेमेंट त्याशिवाय जातं. पण कार्डावरच्या मँडेटसाठी आरबीआयच्या नियमाप्रमाणे २४ तास आधी मेसेज यायलाच हवा, त्यात रक्कम आणि कोणाला जाणार ते असतं आणि नको म्हणायची सोय पण. गोची अशी की त्यात बऱ्याचदा ॲपचं नाव नसून भलत्याच प्रायव्हेट लिमिटेडचं असतं, आणि आपण लोनची जाहिरात समजून स्वाइप करतो.

आणि बँकेला फोन करून "फ्रॉड झाला" म्हणू नका कृपया. वेळेत कळवलं की झीरो लायबिलिटी, म्हणजे भुर्दंड आपल्यावर नाही, हे सगळे ऐकून असतात, पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी, इथे परवानगी तुम्हीच दिलेली असते. उगाच कार्ड ब्लॉक होतं आणि तक्रार लंगडी पडते. आधी कंपनीला मेल टाका, लेखी, रिफंड मागा. नाही ऐकलं तर बँकेला सांगायचं की रिकरिंग पेमेंट मी रद्द केलं होतं तरी कापलं, डिस्प्यूट, म्हणजे या व्यवहारावरची हरकत, नोंदवून घ्या. व्हिसा कार्ड असेल तर त्यांच्याकडे अशा हरकतीला वेगळा कोडच आहे, १३.२. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर आरबीआयचा लोकपाल, आणि कंपनीविरुद्ध १९१५ ग्राहक हेल्पलाइन.

मावशीचे पैसे १९१५ वर तक्रार नोंदवल्यानंतर आले, मेलमध्ये लिहिलेलं "गुडविल म्हणून". गुडविल म्हणे! आपलेच पैसे.

तुमच्या मुलाच्या आयफोनवरच्या ट्रायलचं विचारलंत, तिथे संपायच्या किमान २४ तास आधी कॅन्सल करावं लागतं, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आणि तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा जरा, मँडेटपुढे "कमाल रक्कम" असते ती प्लॅनच्या किमतीपेक्षा जास्त दिसली तर मला सांगा, त्यावर वेगळं लिहायचंय.