मालकाकडून उत्तर: गंजलेलं ब्लेड आमच्याकडून गेलेलं नाही

नमस्कार सर, दाढी करताना तुम्हाला कापलं, त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की "नवी पेठेतल्या या दुकानात गंजलेला जुना माल गळ्यात मारतात, वर 150 रुपये घेतात", ते वाचून फार वाईट वाटलं ओ. वडलांपासूनचं दुकान आहे, नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं.

सर, टेफ्लॉनचं (नॉनस्टिक तव्याला असतं तसलं) कोटिंग नसलेलंच ब्लेड पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होता. तेव्हाच मी सांगितलं की स्टेनलेसच्या जवळपास सगळ्या ब्लेडच्या धारेवर तो थर असतो, पाकिटावर प्लॅटिनम, क्रोम मोठ्या अक्षरात छापतात पण टेफ्लॉनचं नाव बहुतेक नसतंच, त्यामुळे प्लॅटिनम बघून घेतलं तरी टेफ्लॉन येतंच. म्हणजे राहिलं साधं कार्बन स्टीलचं ब्लेड, पण काही त्यावर पण थर देतात, म्हणून कंपनीकडून विचारून खात्री करून मगच तुमच्यासाठी मागवलं, एरवी इथं त्याला मागणी नाही. 150 त्यामुळे झाले.

आता गंजाचं, कारण तेच मला लागलंय. स्टेनलेसमध्ये 13 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं म्हणून ते टिकतं, साध्या कार्बन स्टीलमध्ये ते नसतं, रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी डाग दिसणारच. तुम्ही टाकलेल्या फोटोत रेझर मगात उभा आहे, मगात पाणी आहे, आणि गंज कुठंय बघा, ब्लेडच्या मधल्या फटीत आणि रेझरच्या आडव्या पट्टीखाली, म्हणजे जिथं पाणी अडकतं तिथंच. माल जुना असता तर आतल्या तेलकट कागदावर आधी पिवळट डाग पडला असता, तुमच्याच दुसऱ्या फोटोत कागद स्वच्छ आहे. त्यात आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, बरेच जण बोअरचं खारं पाणी वापरतात, त्यानं तर लोखंड लवकरच खातं. दाढी झाली की ब्लेड काढा, धुवा, झटका, धार न घासता कोरडं करा आणि खोबरेल तेलाचा थेंब लावून ठेवा, हे मी काउंटरवर दोनदा बोललो होतो, तुम्ही तेव्हा फोनवर होता.

ब्लेड केस ओढतंय म्हणाला, तर धार केसांवरून सहज घसरावी म्हणूनच कंपन्यांनी 1960 च्या दशकात तो टेफ्लॉनचा थर आणला. तो नको असेल तर गरम पाण्यानं दाढी चांगली भिजवायची, साबणाचा दाट फेस करायचा, हात हलका ठेवायचा. त्याआधीची माणसं बिनकोटिंगच्या ब्लेडनंच दाढी करायची की.

यापुढं पाकिटासोबत सूचनांची चिठ्ठी वगैरे द्यायचं बघतो. उरलेली ब्लेडं घेऊन संध्याकाळी या, पैसे परत देतो, पाहिजे तर कसं ठेवायचं ते समोर दाखवतो. फक्त ते "गंजलेला जुना माल" एवढं काढा सर, हात जोडून विनंती आहे.