सोलरचे कनेक्टर कापून सोल्डर मारा म्हणणारा मेसेज चुकीचा आहे, कसा ते सांगतो

गेल्या काही महिन्यांपासून नागपुरातल्या सोसायटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे, मला एकट्यालाच सात-आठ जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की पॅनलच्या तारा एकमेकींना जोडणारे ते काळे एमसी फोर कनेक्टर म्हणजे कंपन्यांनी पैसे काढायला लावलेला प्लास्टिकचा तुकडा आहे, तो कापून फेका, तारा पिळून सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील-शिसं मारा, वरून टेप गुंडाळा, सोल्डरच्या जोडाला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कमी असतो, २५ वर्षं बघायचं काम नाही, कारण पॅनलच्या आत कंपन्या स्वतः सोल्डरच वापरतात. आणि कनेक्टर लावायचाच असेल तर कुठलाही कुठल्यातही बसतो, फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून आधी लावतात ते) कोणताही चालतो, आणि लेड फ्री, म्हणजे बिनशिशाचं सोल्डर म्हणजे भेसळ.

मी छतावरच्या सोलरची सर्व्हिस करतो. सोल्डरच्या विरोधात मी अजिबात नाही, इन्व्हर्टरचं कार्ड दुरुस्त करताना दिवसभर सोल्डर गन हातातच असते. पण हा मेसेज वाचून लोक खरंच पक्कड घेऊन छतावर चढून राहिले आहेत म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी तो पॅनलच्या आतल्या सोल्डरचा मुद्दा, कारण लोकांना पटतो तो हाच. आत सोल्डर असतं हे खरंच आहे. पॅनलमधल्या सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे सेल, त्यांच्या वर चांदीच्या पेस्टच्या बारीक रेषा छापलेल्या असतात, त्यांच्यावर कथील-शिशाचा थर दिलेली तांब्याची पट्टी मशीन ठेवते आणि इन्फ्रारेड किंवा गरम हवेने काही सेकंदात चिकटवते, कुठे किती तापलं ते सगळं मशीनच्या ताब्यात. मग समोर काच, दोन्हीकडून ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा थर, आणि साधारण १५० डिग्रीवर व्हॅक्यूममध्ये दाबून सगळं बंद. म्हणजे तो जोड हलत नाही, त्याला कोणी ओढत नाही, पाणी लागत नाही, वारा लागत नाही. तुमच्या छतावरची तार वाऱ्यात हलते, माकडं ओढतात, त्या जोडाची आणि आतल्या जोडाची बरोबरी होऊच शकत नाही.

आणि एवढं जपूनही आतलं सोल्डर कंपन्यांना त्रास देतंच. तापल्यावर तांबं सिलिकॉनच्या सहापट-साडेसहापट जास्त पसरतं. १८२ मिलिमीटरचा सेल धरा, ६० डिग्रीचा फरक धरा, पट्टी आणि सेलमध्ये साधारण ०.१५ मिलिमीटरची ओढाताण होते, आणि सेलची स्वतःची जाडीच जवळपास तेवढी असते! म्हणून तर पट्टी मऊ तांब्याची घेतात, म्हणून रुंद पट्ट्या जाऊन आता बारीक गोल तारा आल्या, काही पॅनलमध्ये तर सोल्डर सोडून वीज वाहणारा गोंद वापरतात. हेटेरोजंक्शन नावाच्या प्रकारचे सेल येतात त्यांना २०० डिग्रीच्या वरचा ताप सोसत नाही, म्हणून तिथे बिस्मथवालं सोल्डर, जे १३८ डिग्रीलाच वितळतं. सांगायचा मुद्दा असा की कारखानेवाले सोल्डरचा ताण कमी करायला धडपडून राहिले आहेत, आणि हा मेसेज तेच सोल्डर तुम्हाला उघड्या छतावर ताणाखाली लावायला सांगतो.

दुसरं, सोल्डरच्या जोडाला रेझिस्टन्स कमी असतो हे मेसेजमधलं. पहिल्या दिवशी, चांगल्या हाताने केलेला असेल तर असतो, मान्य. पण कथील-शिशाचं सोल्डर तांब्याच्या फक्त ११-१२ टक्के वीज वाहतं, आणि ६३-३७ वालं १८३ डिग्रीला वितळतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, २०१३ मध्ये ४७.९ गेला होता, तेव्हा छतावर पॅनलच्या मागची हवा, केबल, सगळं ७० डिग्रीच्या आसपास सहज जातं. वितळायला अजून खूप वेळ आहे असं वाटतं पण धातूच्या हिशोबात ते जवळच आहे, त्या तापमानाला सोल्डर ओढाखाली हळूहळू सरकतं, दिसत नाही पण सरकतं. त्यात गन लावली की सोल्डर तारेच्या बारीक धाग्यांतून वर इन्सुलेशनच्या आत चढतं, तिथे तार काडीसारखी कडक होते, आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होते नेमकी तिथेच हलून हलून तुटते.

यावर कोणी म्हणेल की बाहेर तारांचे जोड सोल्डर करतातच ना. करतात, पण अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमात साफ लिहिलंय की जोड आधी सोल्डरशिवायच घट्ट असला पाहिजे, मग वरून सोल्डर, आणि अर्थिंगचा जोड तर नुसत्या सोल्डरच्या भरवशावर ठेवायचाच नाही. मेसेजमधल्या नुसत्या पिळलेल्या तारेत तो घट्टपणा येत नाही.

कनेक्टरची पिन तारेवर सोल्डरने नाही, टूलने दाबून बसवतात, त्याला क्रिंपिंग म्हणतात. त्यात काय होतं, योग्य डायच्या (साच्याच्या) टूलने दाबलं की धागे आणि पिन एकमेकांत इतके दाबले जातात की मधे हवा जायला जागाच राहत नाही, त्यामुळे आत गंज धरत नाही. पण तेच पक्कडने चेपलं तर मात्र ते सोल्डरपेक्षाही वाईट, हे मी मान्य करतो, आणि मला वाटतं या मेसेजचा जन्मच अशा पक्कडवाल्या कामातून झालाय. लोकांचे कनेक्टर जळाले, राग कनेक्टरवर निघाला.

जळतात कसे ते बघा, कारण कुठलाही कशातही बसतो या मुद्द्याचं उत्तर पण त्यातच आहे. आजच्या मोठ्या पॅनलमधून १३ ॲम्पिअर करंट जातो. चांगल्या जोडाचा रेझिस्टन्स एका मिलीओहमच्याही खाली असतो, काहीच तापत नाही. तोच बिघडून ०.१ ओहम झाला की १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास १७ वॅट उष्णता एका प्लास्टिकच्या टोपणात. आपली साधी सोल्डर गन २५ वॅटची असते, यावरून अंदाज घ्या! एमसी फोर हे नाव मल्टी कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीवरून आणि ४ मिलिमीटरच्या पिनवरून पडलं. बाकीच्यांनी त्याच्यासारखे बनवले, ते एकमेकांत बसतात खरे, पण पिनचं माप केसभर वेगळं, प्लेटिंग वेगळं, स्प्रिंग वेगळी, प्लास्टिक वेगळं. टक असा आवाज येतो म्हणून माणूस निश्चिंत होतो. सोलरच्या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६२५४८ मध्ये तर सरळ लिहिलंय, जोडीतले दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे हवेत. इथे ब्रँड बघायचाच असतो.

फ्लक्सचं लवकर सांगतो. नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचा ॲसिडवाला फ्लक्स तारेला लावला की त्यातलं क्लोराईड आत राहतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि तांबं हिरवं पडतं. वायरला फक्त राळेचा, म्हणजे रोझिनचा फ्लक्स. लेड फ्री पण भेसळ नाही, त्यातल्या नेहमीच्या प्रकारात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं असतं, २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं, आणि त्याचा जोड मुळातच थोडा मळकट दिसतो. जुन्या सोल्डरमध्ये मळकट म्हणजे कच्चा जोड, त्या सवयीने लोक याला खोटं म्हणतात.

मागच्या जुलैत बेसा भागातल्या एका काकाजींचा फोन आला. सहा पॅनल, सकाळी पाऊस पडला की इन्व्हर्टरवर इन्सुलेशन फॉल्ट, म्हणजे वीज कुठेतरी गळतेय असा इशारा, ऊन पडलं की आपोआप बरोबर. वर जाऊन बघतो तर पुतण्याने हाच मेसेज वाचून दोन जोड कापून सोल्डर केलेले, टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळून टेप उलगडलेली, एका जोडाजवळ केबल तपकिरी झालेली. सहा पॅनलचे मिळून ३०० व्होल्ट होतात, आणि ते डीसी. घरातल्या एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमध्ये ती विझत नाही, तार तुटली तर मधे जाळ धरून ठेवते. त्या घरात खालच्या खोलीत नातवंडं झोपतात. काकाजी म्हणाले, "अरे पण मेसेजमध्ये तर इंजिनिअरने सांगितलं असं होतं." मला त्यांच्यावर राग नाही आला, लिहिणाऱ्यावर आला.

ज्यांनी आधीच कापून सोल्डर केलंय त्यांनी आता दिवसा तिथे हात लावू नका. इन्व्हर्टर बंद केला, डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची लाइन तोडणारा स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनलच्या तारेत व्होल्टेज राहतंच. अंधार पडल्यावर, आयसोलेटर बंद करून, ज्याच्याकडे क्रिंपिंगचं टूल आहे अशा माणसाकडून दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे कनेक्टर नव्याने लावून घ्या, मागचं नट पूर्ण आवळलंय का आणि हाताने ओढून तार सुटत नाही ना, हे समोर उभं राहून बघा. कापलेल्या कनेक्टरमुळे पॅनलची वॉरंटी पण जाऊ शकते, तेव्हा पॅनलच्या कंपनीला कळवून, कोणता कनेक्टर चालेल ते त्यांच्याकडून लेखी घ्या.