'सगळं यीस्ट एकच' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले आठ दिवस एक फॉरवर्ड बेळगाव-खानापूर-निपाणीच्या सगळ्या ग्रुपांवर फिरालंय. म्हणे यीस्ट सगळं एकच, पावात घालतात तेच दवाखान्यात माणसं मारतं, शास्त्रज्ञ मायक्रोस्कोपमध्ये डोकावून नवी जात म्हणून नाव देतात आणि मग नाव बदलत बसतात, सगळा पैशाचा खेळ, तेव्हा पाव सोडा आणि इडली खा, त्यात देशी यीस्ट असतंय. आमच्या काकूंनी पाव बंद केला पण. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, गप्प बसवेना.

यीस्ट हे कुळाचं नाव नव्हेच, राहणीचं नाव आहे. एकेकट्या पेशीनं राहणारी, बहुतेक वेळा कोंब फुटून वाढणारी बुरशी म्हणजे यीस्ट, मग ती कुठल्या का घराण्यातली असेना. पावातलं सॅकरोमायसिस एका शाखेतलं, आणि डोक्यातल्या कोंड्याशी संबंध असलेलं मॅलासेझिया पार दुसऱ्या शाखेतलं, म्हणजे ते पावाच्या यीस्टपेक्षा पावसाळ्यात जांबोटीकडं उगवणाऱ्या अळंबीला जवळचं! आणि फॉरवर्डमध्ये ज्याचं नाव घेऊन भीती घालालेत ते दवाखान्यात पसरणारं यीस्ट, कॅन्डिडा ऑरिस, वेगळंच, २००९ मध्ये जपानमधल्या एका बाईंच्या कानातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन झालं. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. बेकरीवाला ते वापरत नाही हो.

मायक्रोस्कोपचं म्हणाल तर नुसतं बघून भागतच नाही, कारण निम्मी यीस्ट सारखीच दिसतात, गोल नाहीतर लांबट. पूर्वी कुठली साखर खातंय, कुठली आंबवतंय अशा टेस्ट लावून ओळखायचे, पण त्याही फसतात, हेच ऑरिस कित्येक लॅबच्या मशीननी कॅन्डिडा हेम्युलोनी या दुसऱ्याच यीस्टचं नाव देऊन सांगितलं होतं. म्हणून डीएनए बघतात. डी१/डी२ म्हणून डीएनएचा साधारण ६०० अक्षरांचा एक तुकडा आहे, त्यात १ टक्क्याहून जास्त फरक आला तर बहुधा वेगळी जात, हा १९९८ पासूनचा ढोबळ नियम. 'बहुधा' म्हणते, कारण त्यावर न थांबता बाकीची जनुकंही बघावी लागतात. शिवाय नव्या जातीला नाव द्यायचं तर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन, २०१३ पासून नोंदणी नंबर, आणि एक नमुना कायमचा जपून ठेवायचा, तोही जिवंत वाढणारा चालत नाही, गोठवून नाहीतर सुकवून निपचित केलेला लागतो. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहच आहे.

आता नाव बदलणं. आपल्याकडं माहेरचं एक आणि सासरचं एक नाव असायचं ना, तसं बुरशीचं होतं, लैंगिक अवस्थेला एक नाव, अलैंगिकला दुसरं. २०११ मध्ये ठरलं, एका बुरशीला एकच नाव. आता जुनी नावं जुळवायची म्हटल्यावर गोंधळ होणारच. बेळगावचं २०१४ मध्ये बेळगावी झालं म्हणून गाव खोटं झालं काय? (तो विषय इथं नको, रात्र जाईल.)

एक मात्र कबूल करते. दवाखान्यात आजार करणारी कॅन्डिडा क्रुसी, जी फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाला मुळातच दाद देत नाही, आणि आंबवलेल्या पदार्थांत सापडणारी पिकिया कुद्रियावझेवी, ही एकच जात आहे हे २०१८ मध्ये जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ताडून पक्कं झालं. म्हणजे खाण्यातलं आणि दवाखान्यातलं यीस्ट एक असू शकतं, फॉरवर्डवाल्याचा नेम लागला, पण भलत्याच यीस्टला. आणि हे कळलं कशावरून, तर ज्या वर्गीकरणाला तो थोतांड म्हणतोय त्यावरूनच.

राहिली इडली. तिचं पीठ फुगवण्यात मोठा वाटा ल्युकोनोस्टॉक नावाच्या बॅक्टेरियाचा. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही, इडली पण बंद व्हायची.