साबळेचा अकरावा नंबर: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साबळेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मनापासून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुमचं म्हणणं असं: गोपाल सैनींचा 3000 मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या असलेल्या धावण्याच्या शर्यतीचा) राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं टिकला, म्हणजे खरे दमदार तेच, अविनाश साबळेचे आकडे नव्या बुटांचे. शिवाय पॅरिस ऑलिंपिकमधल्या साबळेच्या अकराव्या नंबरला मी नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या ब्राँझच्या पंगतीत बसवलं, हा पदकाचा अपमान.

आधी माझी चूक. 'नेमबाजीत दम लागत नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं. गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभ्याने नेम धरायचा. उभं असताना तर छातीच्या ठोक्यानेही रायफल हलते. तिथे दम धरावा लागतो, स्टीपलचेसमध्ये तो पुरवावा लागतो. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. ते वाक्य मागे घेतो.

सैनींच्या विक्रमाबद्दल मात्र पटत नाही. विक्रम 37 वर्षं टिकला तो फार उंच होता म्हणूनच असं नाही. मागून येणारे वाढले नाहीत तरी विक्रम टिकतो. 1981 मध्ये सैनींनी 8:30.88 (8 मिनिटं 30.88 सेकंद) अशी वेळ दिली, तेव्हा हेन्री रोनोचा जागतिक विक्रम 8:05.4 होता. अंतर 25 सेकंदांचं. 2018 मध्ये साबळेने 8:29.80 वेळेत सैनींचा विक्रम मोडला, पण तोवर जागतिक विक्रम 7:53.63 वर गेला होता. म्हणजे विक्रम मोडूनही आपण 36 सेकंद मागे! त्या दिवशीच्या साबळेपेक्षा सैनी मोठे म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

पण पुढे काय झालं बघा. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये (ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-मालिकेत) साबळे 8:09.91 धावला. जागतिक विक्रम तेव्हा लामेचा गिरमाचा, 7:52.11. अंतर 18 सेकंदांच्याही आत आलं. बुटांचा थोडा वाटा मान्य, पण सहा वर्षांत कमी झालेले 20 सेकंद नुसते बूट देत नाहीत.

हा खेळ टीव्हीवर कळत नाही. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर मी एकदा पाण्याच्या उडीजवळ उभा होतो. 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या. अडथळा जवळपास 91 सेंटिमीटर उंच आणि धक्का लागला तरी न पडणारा. पहिल्या फेऱ्यांत एक मुलगा फळीवर पाय देऊन पाण्याच्या पार कडेला उतरत होता. पाचव्या फेरीला पाय फळीवर पडला, पण रेटा उरला नव्हता. तो सरळ खोल पाण्यात उतरला, हात टेकून उठला आणि बुटांत चुबुक चुबुक पाणी घेऊन पुढच्या अडथळ्याकडे निघाला. दोन फेऱ्या अजून बाकी होत्या.

राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 ते 2018 या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाने नेली. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला बीडच्या मांडव्याचा पोरगा साबळे मध्ये घुसला आणि सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं.

राहिला तो अकरावा नंबर. पॅरिसच्या अंतिम फेरीत साबळेची वेळ होती 8:14.18. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एझेकिएल केंबोईने सुवर्ण जिंकलं ते 8:18.56 मध्ये. लंडनची शर्यत डावपेचांची आणि संथ होती हे खरं, पण पॅरिसमध्ये त्याच्याहून चार सेकंद वेगाने धावणारा अकरावा आला. त्या नंबरला मी मान दिला तो यासाठी, आणि तो शब्द मागे घेत नाही.